हळद लाल का झाली?

दुपारची कामं आवरून रेडिओपाशी बसला असाल, नाहीतर निवडणं-टिपणं करता करता ऐकत असाल. आज आम्ही पाच जणी आलोय. बोलायला एकीलाच बसवलंय, बाकीच्या मागून दुरुस्त करतायत. विषय आहे, लहान मुलांना घरी विज्ञान कसं शिकवायचं. हसू आलं ना? आम्हालाही आलं होतं. आमच्यातली सगळ्यांत शिकलेली बारावीपर्यंत, तीही कला शाखेतून. दोघींनी सातवीनंतर शाळा पाहिलेली नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. आमच्याकडे पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरायला डिसेंबर २०२१ उजाडला. मोबाईल घरात एक, तोही घरधन्याच्या खिशात. मग आम्ही एकीच्या पडवीत दुपारी दोन तास अकरा पोरं बसवायला लागलो. वाचन, पाढे जमत होते. विज्ञान मात्र पुस्तकातलं वाचायचं आणि घोकून घ्यायचं. बी रुजायला हवा, पाणी आणि ऊब लागते. पोरांनी म्हणून दाखवलं, आम्ही शाबास म्हटलं.

एका पोराने विचारलं, "काकू, खूप पाणी घातलं तर मोड लवकर येतील?" आमच्यातली एक म्हणाली, "हो, येतील." त्याला गप्प करायचं होतं, दुसरं काही नाही. पोराने घरी जाऊन तांब्याभर पाण्यात मटकी बुडवून ठेवली. तिसऱ्या दिवशी घरभर वास. आजीने पाठीत धपाटा घातला, मटकी वाया घालवली म्हणून. तो पडवीत येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "काकू, तुम्ही खोटं सांगितलं."

लागलं ते आम्हाला. दुसऱ्या दिवशी तीन वाट्या मांडल्या. एकीत कोरडी मटकी, दुसरीत भिजवून ओल्या फडक्यात बांधलेली, तिसरीत पाण्यात पूर्ण बुडवलेली. मूठभर नाही, प्रत्येकीत दहा-दहा दाणे. आजीचा धपाटा लक्षात होता. कोरडी तशीच राहिली. फडक्यातलीला छान मोड आले. बुडवलेली फुगली, एक-दोन दाण्यांनी टोक काढलं, मग पाण्यावर फेस आला. पुस्तकातला 'हवा' हा शब्द तेव्हा कुठे कळला. बुडालेल्या दाण्याला पुरेशी हवा मिळत नाही. पोरांना आणि आम्हालाही एकदमच कळलं, हे कबूल करतो. नंतर एक वाटी डब्यात अंधारात ठेवली. ऊन नसेल तर मोड येणार नाहीत असं सगळी पोरं म्हणत होती, पण आले. पिवळट, लांबुळके, पण आले.

मग आम्हाला स्वयंपाकघरात जागोजागी हेच दिसायला लागलं. फोडणीत मोहरी तडतडते, कारण तिच्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि ती साल फोडून बाहेर पडते. पुरी फुगते तीही वाफेनेच. पुरीला भोक पाडून तळून बघा. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं काडेपेटीच्या काड्या, स्ट्रॉ, रिकाम्या बाटल्या यांतून खेळणी करून दाखवली. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत आणि इंटरनेटवर फुकट वाचता येतात. आम्ही त्यातलं थोडं केलं. तरी आम्हाला हाताशी असलेली हळद जास्त मानवली.

साडीवर वरणाचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो, हे तुम्हाला आम्ही काय सांगायचं! हळदीच्या पाण्याने कागद रंगवून वाळवला, पोरांनी साबणाच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर नावं लिहिली. लाल अक्षरं! लिंबू फिरवलं की परत पिवळी. अर्धा कागद वहीखाली झाकून उन्हात ठेवला, तर उघडी बाजू फिकी पडली. म्हणून तर डागाचं कापड आपण उन्हात घालतो.

इथे आमची एक चूक सांगायची आहे. साबणापेक्षा चुन्याने रंग गडद येतो म्हणून आम्ही तंबाखूच्या चुन्याची डबी घेतली. एका पोरीने चुन्याचं बोट डोळ्याला लावलं. ती किंचाळायला लागली, आणि एक पोरगा ओरडला, "लिंबू लावा, लिंबाने चुना जातो!" आम्हीच शिकवलं होतं ना. मैत्रिणींनो, डोळ्यात चुना गेला तर लिंबू नाही, तूप नाही, दूध नाही. चुन्याचा कण दिसला तर ओल्या फडक्याने हलकेच टिपून काढायचा आणि स्वच्छ पाण्याची धार, पापणी उघडी धरून, निदान पंधरा-वीस मिनिटं. मग लगेच दवाखाना. आमच्यातल्या एकीने हंडा उपडा होईपर्यंत पाणी घातलं. डोळा वाचला. पण दोन घरांतून पोरं यायची बंद झाली. "शिकल्यासवरल्यांची कामं तुम्हाला कुणी सांगितली?" हे ऐकून घ्यावं लागलं, आणि त्यात त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. आठ दिवस पडवी रिकामी होती. आता चुना, धुण्याचा सोडा, विस्तव यांना पोरांचा हात लागत नाही. साबण पुरतो.

त्या प्रयोगातून आणखी एक निघालं. जुन्या काळी कुंकू हळदीपासूनच करत, हे आम्ही पोरांना सांगितलं. लगेच बाजारच्या कुंकवावर लिंबू पिळून झालं. ते लालच राहिलं, म्हणजे ते नुसतं हळद-चुन्याचं नव्हतं. आमच्यातल्या एकीचा नवरा एप्रिल २०२१ मध्ये कोरोनात गेला. तिची मुलगी सात वर्षांची. ती म्हणाली, "कुंकू म्हणजे हळदच, तर मग आईला हळदीचं बोट चालतं आणि कुंकू का चालत नाही?"

पडवीत कुणी बोललं नाही. उत्तर आम्हाला माहीत होतं, पण कुठल्याही वाटीत मांडून दाखवता येण्यासारखं नव्हतं. "ते माणसांनी ठरवलेलं आहे," असं शेवटी तिची आईच म्हणाली. पुढच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. ती बातमी आम्ही पोरांना मोठ्याने वाचून दाखवली. तिने पुढे काय केलं ते विचारू नका, तो तिचा प्रश्न आहे. ती आज इथेच बसली आहे आणि मागून सांगते आहे की आता माठाचं सांगा, वेळ संपत आली.

तर माठाचं. सारख्या दोन बाटल्यांत सारखं पाणी भरा. एकीला सुती कापड गुंडाळून ते ओलं ठेवा, दुसरी तशीच. दोन्ही सावलीत, वाऱ्यावर. तासाभराने पोरांना हात लावून सांगू द्या. कापडातलं पाणी वाळताना बाटलीतली उष्णता घेऊन जातं. माठातही तसंच होतं, त्याच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं आणि बाहेर वाळतं. पावसाळ्यात हवा दमट असते, म्हणून तेव्हा माठ फारसा गार होत नाही. आणि तुमच्याकडे बाहेरून ऑइलपेंट दिलेला माठ असेल तर तो गार का करत नाही, हे आधी पोरांना विचारा. लगेच सांगून टाकू नका, दोन दिवस जाऊ द्या.