पिस्तुलाच्या नेमाची अडकलेली पट्टी

सातारा जिल्ह्यांत सैन्यांतून निवृत्त झालेल्या मंडळींचीं घरें गांवोगांवीं आढळतात. अपशिंगे ह्या गांवाच्या नांवापुढें तर ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचाच जोडला गेला आहे. आणि देशांतील पहिली सैनिक शाळा १९६१ सालीं निघाली, ती सातारा शहरांतच. अशा मुलखांत एखाद्या निवृत्त सुभेदारांच्या कपाटांत परवान्याचें पिस्तूल कुलुपबंद असावें, यांत नवल कांहींच नाहीं. नवल आहे तें एवढेंच कीं, ज्या हत्याराला घरांतील सर्व माणसें भितात, त्याच हत्याराच्या एका लहानशा भागाशीं घरांतील कोणीतरी बेधडक हातोडी घेऊन झुंजावयास बसतो. आजचें भाषण त्या लहानशा भागाविषयीं आहे.

पिस्तुलाच्या पुढच्या टोंकावर एक बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. मागच्या टोंकाशीं एक आडवी पोलादी पट्टी असते व तिच्या मध्यभागीं खाच असते. मागच्या खाचेंतून पुढची माशी पाहून नेम धरावयाचा, हा सर्वांस ठाऊक असलेला प्रकार. आतां वय झालें, म्हणजे डोळ्याला जवळची खाच अंधुक दिसूं लागते. रुंद खाचेची किंवा पांढर्‍या ठिपक्यांची दुसरी पट्टी बसवावी, असें मालकाच्या मनांत येतें. नवी पट्टी येते. पण जुनी कांहीं केल्या हलत नाहीं. मग घरांतील तरुण मुलगा म्हणतो, “आबा, दोन घाव घातले कीं निघेल.” निघत तर नाहींच, पट्टीचे कान वांकतात आणि शेजारच्या पोलादावर ओरखडे उठतात.

ही पट्टी इतकी कां अडून बसते, तें पाहूं. पिस्तुलाचा जो वरचा सरकता भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, त्याच्या पाठीवर एक आडवी खोबण कापलेली असते. ही खोबण तळाशीं रुंद व तोंडाशीं अरुंद असते. पट्टीचा पायाही तसाच, खालीं रुंद व वर अरुंद. त्यामुळें ती वर उचलून निघूं शकत नाहीं. केवळ बाजूनेंच आंत सरकते व बाजूनेंच बाहेर येते. चांगल्या सुताराने केलेल्या टेबलाच्या खणाचे कोपरे याच तर्‍हेच्या सांध्यानें जोडलेले असतात. पलूस तालुक्यांत किर्लोस्करवाडी आहे. तेथें १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कारखाना आणला. अशा कारखान्यांतील लेथ ज्यानें जवळून पाहिला आहे, त्याला अशाच आकाराच्या घळींतून सरकणारे भाग आठवतील. फरक इतकाच कीं, लेथवरील भाग सहज सरकावा म्हणून केलेला असतो, आणि पिस्तुलाची पट्टी मुळींच सरकूं नये म्हणून. तिचा पाया खोबणीहून किंचित् मोठा ठेवून ती दाबून बसविलेली असते.

कारखान्याचा हा आवळपणा हें झालें पहिलें कारण. दुसरें कारण गंज. आपल्या इकडील पावसाळ्यांत, विशेषतः महाबळेश्वर, पांचगणी, कोयनाकांठ अशा ठिकाणीं, कपाटांतील कातडी म्यानांत ठेवलेलें पिस्तूल ओल धरतें व खोबणीच्या फटींत गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, म्हणून सांधा आणखीच आवळतो. तिसरें कारण म्हणजे आटे पक्के करण्यासाठीं वापरावयाचा चिकट द्रव. पूर्वीच्या कारागिरानें तो खोबणींत घातला असेल, तर वाळून तो दगडासारखा होतो. चौथें कारण सर्वांत साधें व सर्वांत दुर्लक्षित. पट्टीच्या पाठीवर किंवा बाजूस एखादा बारीक स्क्रू असतो, आणि तो न सोडतांच मनुष्य ठोकीत बसतो.

पट्टीचें महत्त्व किती, हें साध्या त्रैराशिकानें समजेल. माशी व खाच यांतील अंतर १५० मिलिमीटर आहे असें धरा. निशाण २५ मीटरांवर, म्हणजे २५००० मिलिमीटरांवर आहे. पट्टी केवळ अर्धा मिलिमीटर उजवीकडे सरकली, तर गोळी सुमारें ८३ मिलिमीटर उजवीकडे जाईल. ह्या अंतरावरील अचूक नेमबाजीच्या निशाणांत दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो. म्हणजे मध्यावर लागावयाची गोळी सात गुणांच्या कड्यांत जाऊन पडेल. शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत २५ मीटर पिस्तूल प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें. तेथवर पोंचणार्‍या खेळाडूचें भवितव्य अशा अर्ध्या मिलिमीटरांत असतें.

आतां जाणता कारागीर हें काम कसें करतो तें ऐकावें. हातांत हत्यार घेण्यापूर्वीं तो गोळ्यांची मॅगझीन बाहेर काढतो, स्लाइड मागें ओढून नळीच्या मुखाशीं काडतूस अडकलेलें नाहीं ना, हें डोळ्यांनीं पाहतो व बोटानें चांचपतो. काडतुसें दुसर्‍या खोलींत ठेवतो. मग स्लाइड सांगाड्यापासून सोडवून नळी व स्प्रिंग वेगळी करतो. यापुढें त्याच्यासमोर पिस्तूल नसतें, पोलादाचा एक तुकडा असतो.

नंतर भिंग घेऊन तो स्क्रू शोधतो. पट्टी पक्की करण्यासाठीं कडेला पंचानें मारलेली खूण आहे काय, तेंही पाहतो. पट्टीच्या मूळ जागेची रेघ पेन्सिलीनें आंखून ठेवतो, कारण वर सांगितलेलें अर्ध्या मिलिमीटराचें गणित त्याच्या ध्यानांत असतें. गंज सोडविणारें पातळ तेल दोन्ही बाजूंनीं सोडून स्लाइड रात्रभर तशीच ठेवतो. अर्ध्या अडचणी ह्या एका रात्रींतच सुटतात. पण घाई करणार्‍याला तीच रात्र जड जाते. चिकट द्रवाचा संशय असेल, तर तो बेताची उष्णता देतो. मात्र ज्योत लावीत नाहीं. फार तापल्यास पोलादाचें पाणी उतरतें व काळा लेपही जातो. रात्रीं चमकणार्‍या कांहीं पट्ट्यांत ट्रिटियम वायूच्या कांचेच्या सूक्ष्म नळ्या असतात. तो वायु किरणोत्सर्गी असल्यानें त्यांवर ना उष्णता, ना घाव.

यापुढें स्लाइड व्हाइसमध्यें धरावयाची, पण जबड्यांस लांकडाचे किंवा तांब्याचे तुकडे लावून. पंच पितळेचा असावा. पितळ पोलादाहून मऊ असल्यामुळें ओरखडा न उठतां पिवळा डागच पडतो व तो पुसतां येतो. पंच पट्टीच्या पायाशीं, खोबणीच्या अगदीं लगत टेकवावयाचा; वर टेकविला तर पट्टी सरकण्याऐवजीं वांकते. पिस्तूल धरणार्‍याच्या दृष्टीनें जुन्या चालीप्रमाणें पट्टी डावीकडून उजवीकडे काढतात व उजवीकडून डावीकडे घालतात. मात्र ही चाल सर्वच कारखाने पाळीत नाहींत, म्हणून त्या पिस्तुलाचें माहितीपत्रक आधीं वाचावें. याहून उत्तम साधन म्हणजे स्क्रूनें दाबणारा शिकंजा. तो घाव घालीत नाहीं, सावकाश रेटतो. कांहीं बनावटींत पट्टीखालींच सुरक्षेच्या खिट्टीची बारीक स्प्रिंग दडलेली असते. ती उडून हरवली, तर पिस्तूल दिसावयास पूर्ण व प्रत्यक्षांत धोक्याचें होतें.

नवी पट्टी घट्ट जात असेल, तर कानस पट्टीच्या तळाला लावावी, खोबणीला कधींही नाहीं. पट्टी बिघडली तर दुसरी मिळेल. खोबण एकदां सैल झाली, म्हणजे स्लाइडच गेली.

हें सारें ऐकून घरच्या घरीं हा उद्योग करावा काय? १९५९ च्या शस्त्र कायद्याचें पांचवें कलम असें सांगतें कीं, बंदूक-पिस्तुलांची दुरुस्ती त्या कामाचा परवाना असल्याशिवाय कोणीही करूं नये. हत्यार बाळगण्याचा परवाना हा एक, दुरुस्तीचा परवाना तो दुसरा. तेव्हां मालकानें घरीं पुसणें, तेल देणें, ओलीपासून जपणें एवढेंच करावें. पट्टी काढण्याचें काम परवानाधारक कारागिराकडे सोंपवावें. मग वर सांगितलेल्या माहितीचा उपयोग काय? उपयोग हा कीं, कारागिरानें स्क्रू पाहिला काय, तेल मुरूं दिलें काय, रेघ आंखली काय, हें मालकाला विचारतां येईल. आणि लोखंडी खिळा व हातोडी घेऊन पुढें सरसावणार्‍याच्या हातून पिस्तूल वेळींच काढून घेतां येईल.

आपल्या भागाला ह्या कसबाची ओळख नवी नाहीं. मिरजेंत आज सतारी व तंबोरे घडविणारीं जीं घराणीं आहेत, तीं मूळचीं शिकलगारांचीं, म्हणजे शस्त्रांना धार व पाणी देणार्‍यांचीं. एकोणिसाव्या शतकांत शस्त्रांचा खप सरला, तेव्हां त्याच हातांनीं भोपळे व तारा हातीं घेतल्या. तरवारीच्या पात्यावर जो हात बेतानें फिरत असे, तोच तंबोर्‍याच्या घोडीवर फिरूं लागला. तंबोर्‍याची जव्हारी लावणारा कारागीर एका वेळीं केसाएवढेंच घांसतो, थांबतो, ऐकतो आणि मग पुन्हां घांसतो. अडकलेल्या पट्टीलाही असाच हात लागतो.