पार्किंगची नोटीस आली तर
(इंग्लंडमधील मराठी बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणातून)



दुकानाच्या पार्किंगची शंभर पौंडांची नोटीस घरी येते. गाडी बाईच्या नावावर, त्या दिवशी चालवत होता नवरा. तरी बोलणी तिलाच बसतात, आणि ती घरखर्चातून गुपचूप पैसे भरून मोकळी होते.

आधी कागद नीट वाचा. खाजगी कंपनीची नोटीस हा सरकारी दंड नाही. कराराचा हवाला देऊन केलेली ती पैशाची मागणी आहे. म्हणून ती फाडून टाकायचीही नाही. चेम्सफर्डमध्ये दोन तासांहून जास्त थांबलेल्या चालकाला लावलेले ८५ पौंड सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली योग्य ठरवले. नुसते 'रक्कम फार आहे' म्हणून भागत नाही.

मुद्दा लागतो. पाटी दिसत होती का? मशीन बंद होते का? गाडीवर चिठ्ठी न लावता कॅमेऱ्यावरून नोटीस पाठवली, तर २०१२ च्या कायद्याने ती १४ दिवसांत पोचली पाहिजे; नाहीतर त्या कायद्याखाली गाडी नावावर असणारीकडून वसुली होत नाही. चालक कोण होता, हे कंपनीला सांगण्याचे तिच्यावर बंधन नाही.

पावती, फोटो जपून ठेवा. २८ दिवसांत कंपनीकडे लेखी हरकत घ्या. ती फेटाळली, तर 'पोपला' किंवा 'आयएएस'कडे विनाशुल्क अपील करता येते. कोर्टाचा कागद आला, तर मात्र मुदतीत उत्तर द्याच. गप्प राहिल्यास निकाल विरुद्ध जातो.

नोटीस लपवू नका. बैठकीत आणा, आपण मिळून उत्तर लिहू.