शिकाऱ्यांची चिंता

शिकाऱ्यालाच हरणांची काळजी वाटावी याचे नवल वाटेल. परंतु अमेरिकेतील वायोमिंग राज्यात तसे घडले. खेचरासारख्या लांब कानांमुळे ‘म्यूल डियर’ म्हटले जाणारे तेथील हरीण हिवाळ्यात सेजब्रशच्या झुडपांवर कसेबसे तगते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात बर्फ घट्ट गोठून झुडपे गाडली गेली. वायोमिंग रेंजच्या कळपातील रेडिओ-पट्टे बांधलेल्या माद्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावल्या; पाडसे तर जवळजवळ सर्वच. तेव्हा काही शिकाऱ्यांनीच शिकारबंदीची मागणी केली. स्वतःचा मोसम सोडू पाहणे ही लहान गोष्ट नव्हे. वन्यजीव खात्याने मात्र परवाने घटविले, बंदी घातली नाही. कळपाची वाढ माद्यांवर अवलंबून, आणि शिकार होई ती नरांची. व्यापारी भाषेत, मुद्दल माद्यांचे. गळालेली शिंगे वेचण्याचा मोसमही लांबणीवर टाकला गेला. माणूस दिसताच त्या कृश जिवांना पळावे लागू नये म्हणून.