पहिल्या पंधरवड्याची गुंगी

(ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त दापोरा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या सभेत संस्थेच्या कार्याचा गौरव करावा अशी रीत आहे, आणि आमच्या आधीच्या वक्त्यांनी ती उत्तम प्रकारे पाळली आहे. आम्हांला मात्र चिटणीसांची आज्ञा झाली की, आरोग्यावर काही उपयोगाचे सांगा. आम्ही पेशाने शिक्षक. कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा, आमचा नव्हे. डॉक्टरांनी दिलेले औषध घरी आणल्यानंतर पहिल्या पंधरा दिवसांत जे घडते, तेवढ्यापुरतेच आम्ही बोलणार आहोत.

विषय असा. एखाद्याची झोप महिनोन् महिने उडते. मन उदास होते, छाती धडधडते, नको ते विचार रात्रभर डोक्यात पिंगा घालतात. घरची माणसे त्याला बुऱ्हाणपुरास किंवा खंडव्यास मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेतात. चिठ्ठीवर मिर्टाझापीन, अमिट्रिप्टिलीन, क्वेटियापीन, ओलान्झापीन असे एखादे नाव येते. रात्री गोळी घेतली जाते, झोप लागते, आणि सकाळी माणूस उठतो तो पायांत शिसे ओतल्यासारखा. डोके जड, जीभ जड, हाकेला ओ देण्यास उशीर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी घरातले कोणी वडीलधारे म्हणतात, "ही नशेची गोळी दिसते. फेकून दे." गोळी उकिरड्यावर जाते, आणि थोड्याच दिवसांत मूळचे दुखणे पुन्हा अंथरुणाशी येऊन बसते. अशी घरे आमच्या पाहण्यात एकाहून अधिक आहेत.

यात गोम अशी आहे की, गुंगी पहिल्याच रात्री येते. पण उदासी आणि धास्ती यांवर गुण येण्यास दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. तोटा रोखीचा आणि नफा उधारीचा. केळी पिकविणाऱ्या मुलखाला हा व्यवहार नवा नाही; कंद लावल्यापासून घड कापीपर्यंत आपण जवळजवळ वर्षभर खर्चच करीत असतो. तिथे कोणी पंधराव्या दिवशी बाग उपटत नाही.

ही गुंगी येते कोठून? आपल्या मेंदूत हिस्टामीन नावाचे एक द्रव्य असते, ते आपल्याला जागे ठेवते. या गोळ्या त्या द्रव्याचे काम अडवितात. सर्दीच्या जुन्या पद्धतीच्या गोळीने पेंग येते, तिचे कारणही हेच. हे नाते जुने आहे. क्लोरप्रोमाझीन हे मनोविकारावरचे पहिले मोठे आधुनिक औषध १९५२ साली पॅरिसमध्ये रुग्णांना देण्यात आले, आणि त्याचा उगमच मुळी हिस्टामीन अडविणाऱ्या औषधांच्या शोधात होता. तेव्हा गुंगी आली म्हणजे कोणी नशेचा पदार्थ दिला, असे समजू नये.

आता शिक्षक बोलत असल्यामुळे थोडे गणित सहन करावे लागेल. मिर्टाझापीनसारखे औषध शरीरातून निम्मे ओसरण्यास २० ते ४० तास लागतात. सोयीसाठी २४ तास धरू. पहिल्या रात्री एक गोळी घेतली. दुसऱ्या रात्री तिच्यातील अर्धी शिल्लक, वर नवी एक, झाली दीड. तिसऱ्या रात्री दिडाची पाऊण अधिक एक, म्हणजे पावणेदोन. चौथ्या रात्री एक पूर्णांक सात अष्टमांश. बेरीज दोनाकडे सरकत जाते आणि तेथे थबकते. म्हणजे पहिल्या आठवड्यात रक्तातील औषध वाढत असते. असे असूनही बहुतेकांची गुंगी आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. औषध वाढते आणि गुंगी उतरते, याचा अर्थ मेंदू तिला सरावत आहे. तिसऱ्या दिवशी गोळी फेकणारा मनुष्य हा सराव अर्ध्यावर मोडतो, आणि पुढे कधी ती पुन्हा सुरू केली की पहिल्या दिवसापासून भोगतो.

सगळ्यांचीच गुंगी उतरते असे मात्र नाही. पंधरा दिवसांनंतरही सकाळ धुरकटच राहिली, तर डॉक्टर मात्रा कमी करतात, वेळ बदलतात किंवा औषधच बदलतात. तो त्यांचा निर्णय. आपण होऊन गोळीचे तुकडे करू नयेत. काही गोळ्या पोटात सावकाश विरघळाव्यात अशा बनविलेल्या असतात, त्या फोडल्या तर सगळा भार एकदम येतो.

येथे एका वनस्पतीची आठवण होते. सर्पगंधा आपल्या मध्यप्रदेशाच्या वनांतही आढळते. उत्तरेत तिला सरळ 'पागल की दवा' म्हणत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोहोंवरील तिच्या गुणाविषयी लिहिले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी तिच्या मुळातून एक द्रव्य वेगळे काढून, हकीम अजमलखानांच्या नावावरून त्याला अजमलीन नाव दिले. पुढे १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील आपला अनुभव इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि साऱ्या जगाचे लक्ष या मुळाकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रेसर्पीन काढले गेले. काही वर्षे ते मनोविकारावर सर्रास दिले जाई. मग त्याने येणारी सुस्ती आणि कित्येकांना जडणारी उदासी दिसून आली, आणि मनोविकारात त्याचा वापर मागे पडला. हा इतिहास आम्ही अभिमानासाठी सांगत नाही, जरी अभिमान वाटावा असा तो आहे. सांगण्याचे कारण हे की, आजही कोणाच्या तरी सांगण्यावरून डॉक्टरांच्या गोळीबरोबर सर्पगंधेची पूड घेणारे लोक आहेत. एकाच रात्री दोन्ही घेतली तर गुंगीवर गुंगी चढते आणि रक्तदाब खाली येतो. वैद्यांचे किंवा हकिमांचे काही चालू असेल, तर ते डॉक्टरांना सांगावे. यात कोणाचा अपमान होत नाही.

थोडे आमच्याविषयी. अम्मींचे निधन झाल्यावर आमची झोप तीन-साडेतीन महिने गेली होती. शेवटी डॉक्टरांनी मिर्टाझापीनची लहान मात्रा दिली आणि सांगितले, "मास्तर, शनिवारी रात्री सुरू करा, पहिली सकाळ रविवारची असू द्या." फार शहाणपणाचा सल्ला होता. त्या रविवारी आम्ही नऊपर्यंत निजलो आणि दुपारपर्यंत भिंतीला टेकून बसलो. सोमवारी शाळेत प्रार्थनेचे सूर नळातून आल्यासारखे लांबून ऐकू आले. सहावीच्या वर्गात आम्ही स्वतः न वाचता मुलांकडून धडा आळीपाळीने वाचून घेतला. मुले खूष झाली. मोटारसायकलची किल्ली घरच्या मंडळींनी डब्यात ठेवून दिली होती, ती दहा दिवस बाहेर आली नाही. नवव्या-दहाव्या दिवशी फळ्यावर तारीख लिहिताना लक्षात आले की, डोक्यावरचे ओझे गेले आहे. कधी गेले ते कळले नाही. हे चारचौघांत सांगू नये असे काही स्नेह्यांचे मत पडले. परंतु मधुमेहाची गोळी चारचौघांत घेता येते, तर हिने काय पाप केले आहे?

वाहनाचा विषय निघाला आहे, तर तो पुरा करू. पहिल्या पंधरवड्यात, आणि मात्रा वाढविली की पुन्हा काही दिवस, सकाळी मोटारसायकल वा ट्रॅक्टर चालवू नये. इंदूर-इच्छापूर रस्त्यावरचे ट्रक आपल्या पेंगेची वाट पाहत थांबत नाहीत. "मला तर ठीक वाटते" हा पुरावा धरू नये. झोल्पिडेम नावाची दुसऱ्या जातीची झोपेची गोळी आहे. २०१३ साली अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने स्त्रियांसाठी तिची मात्रा दहा मिलिग्रॅमवरून पाचावर आणावयास लावली. कारण एवढेच की, सकाळी रक्तात इतके औषध उरते की गाडी चालविणे धोक्याचे ठरावे, आणि ते त्या व्यक्तीला स्वतःला जाणवेलच असे नाही. शेतातील मोटर, विहिरीचा काठ, कडबा कापण्याचे यंत्र, लूमचा चालता पट्टा यांनाही हाच नियम.

रात्रीच्या लाईटवर पाणी भरणारे शेतकरी आणि रातपाळीचे लूम-कामगार यांची अडचण वेगळी आहे. चिठ्ठीवर 'रात्री' लिहिलेले असते आणि यांची झोप सकाळची. गोळी घेऊन बागेत जाणे म्हणजे अंधारात, ओल्यात, विजेच्या पेटीजवळ गुंगीत उभे राहणे. आपली झोप केव्हाची आहे, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. रमजानात सहरीला उठणाऱ्यांनी आणि कार्तिकात काकडआरतीला जाणाऱ्यांनीही आधीच विचारून ठेवावे. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे, हेही ध्यानात असावे.

वेळेविषयी एक गोष्ट. बाराला गोळी घेऊन सहाला ताजेतवाने उठण्याची अपेक्षा करणे हा हिशोबच चुकीचा आहे. डॉक्टरांची संमती असेल तर मिर्टाझापीन किंवा अमिट्रिप्टिलीनसारखी गोळी झोपण्यापूर्वी एक-दोन तास घेता येते, म्हणजे गुंगीचा मोठा भाग रात्रीतच जातो. झोल्पिडेमचे मात्र उलट; ती अंथरुणावर बसूनच घ्यावी. उठल्यावर ऊन अंगावर घ्यावे, थोडे चालावे, चहा खुशाल घ्यावा. दुपारनंतरचा चहा रात्रीची झोप नासवितो, तो टाळावा. दारू आणि भांग यांविषयी एकच शब्द: नाही. सर्दी-खोकल्याचे औषधही दुकानदाराला विचारून न घेता डॉक्टरांना विचारून घ्यावे. या गोळ्यांनी भूकही वाढते, तेव्हा रात्री डब्याकडे वळणाऱ्या हातावर लक्ष असावे.

म्हाताऱ्या माणसांना मोठा धोका पडण्याचा. या औषधांपैकी काहींनी उभे राहताच रक्तदाब उतरतो. आपल्याकडे संडास अंगणापलीकडे, मध्ये उंबरा आणि पायरी. रात्री उठताना आधी खाटेच्या कडेला मिनिटभर बसावे, मग उभे राहावे. दिवा चालू ठेवावा. कोणाला तरी हाक मारावी. वैशाखाच्या उन्हाळ्यात पाणी कमी प्यायले तर हा त्रास अधिक होतो. लघवी अडणाऱ्या पुरुषांनी आणि काचबिंदू असलेल्यांनी ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. अमिट्रिप्टिलीन त्यांना बाधू शकते.

आता आम्ही सासूबाईंशी बोलणार आहोत, राग मानू नये. घरातील पुरुषाला औषध सुरू झाले तर त्याला उशिरा निजू देतात. सुनेला सुरू झाले तर ती पाचाला उठून चुलीशी बसलीच पाहिजे, असा आपला कायदा. गुंगीत पदर पेटतो, दूध उतू जाते, आणि वर बोलणी तिलाच. मग ती बाई स्वतःच गोळी बंद करते, कारण गोळीपेक्षा बोलणी जड होतात. पंधरा सकाळी तिचा चहा दुसऱ्या कोणी केला तर घराण्याची अब्रू जाणार नाही. तान्हे मूल असेल तर त्याला गोळी घेतलेल्या आईच्या कुशीत झोपवू नये, गाढ झोपेत मूल दबण्याची भीती असते; त्याची निजण्याची जागा वेगळी करावी. अंगावर पाजत असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. रात्री रडले तर बापाने किंवा आजीने उठावे.

गोळ्यांची पाकिटे घरातील एका जबाबदार माणसाने आपल्याजवळ ठेवावीत आणि रोजची रोज द्यावीत. तरुण मुलामुलींना उदासीचे औषध सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे विशेष लक्ष द्यावे. कोणी मरणाची भाषा बोलू लागले, फार बेचैन झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. माणूस हलवूनही जागा होत नसेल, श्वास मंद पडला असेल, बरळत असेल, मूर्च्छा आली असेल किंवा ताप येऊन अंग ताठले असेल, तर ती साधी गुंगी नव्हे. गाडी करून तडक इस्पितळ गाठावे आणि गोळ्यांचे पाकीट बरोबर न्यावे. २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालते, मराठीत व हिंदीत बोलता येते.

क्रमांक आम्ही बाहेरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला आहे, जाताना उतरवून घ्यावा. आज ज्यांची पाण्याची पाळी आहे ती मंडळी आता उठली, तरी आम्ही वाईट मानणार नाही. बाकीच्यांना काही विचारावयाचे असेल तर आम्ही येथेच बसलो आहोत.