लाळेचा नमुना, जुना पासवर्ड
ट्वेंटी-थ्री-अँड-मी या अमेरिकी कंपनीला नळीत लाळ भरून पाठवली, की ती डीएनए तपासून पूर्वज कुठले, दूरचे नातेवाईक कोण, ते कळवते. 2023 मध्ये चोरट्यांनी तिथे हात मारला. यंत्रणा फोडावीच लागली नाही. इतर संकेतस्थळांवरून फुटलेले पासवर्ड त्यांनी लावून पाहिले. लोकांनी तेच इथेही ठेवले होते, त्यामुळे सुमारे 14 हजार खाती उघडली. माहिती गेली मात्र जवळपास 69 लाख लोकांची! नातेवाईक शोधण्याच्या सोयीतून एकेका खात्यात कितीतरी भाऊबंदांची नावं, वंश, जुळणाऱ्या डीएनएचं प्रमाण दिसत होतं. ज्यांचा पासवर्ड पक्का होता, तेही उघडे पडले. हे मला सर्वांत गंभीर वाटतं. बँकेचं कार्ड बदलून मिळतं, डीएनए नाही; शिवाय तो आपल्या मुलाबाळांतही उतरलेला असतो. पुढे कंपनीने दुहेरी पडताळणी सक्तीची केली. मार्च 2025 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा ग्राहकांच्या डीएनए माहितीचा साठा कुणाच्या हाती जाणार, हा प्रश्न उभा राहिला. असे चाचणी संच आपल्याकडेही घरपोच मिळतात. नमुना देण्याआधी विचारा: माहिती किती काळ ठेवणार, कुणाला देणार, आणि सांगितल्यावर पुसणार का?