चूक नाही, पण उघड कशाला?

आजचा विषय तुम्हीच दिलाय. गेल्या काही आठवड्यांत इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "दादा, आपल्या भागातल्या राजकारणावर ऑनलाइन लिहावं का? घरचे नको म्हणतात."

आधी एक गंमत बघा. देशाच्या पंतप्रधानांवर, विरोधी पक्षनेत्यांवर, अमेरिकेच्या अध्यक्षांवर आपण बिनधास्त बोलतो. मीम टाकतो, स्टोरी ठेवतो. पण आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला "हा रस्ता तीन महिन्यांत कसा उखडला?" एवढं विचारायचं म्हटलं की बोट थांबतं. का? कारण दिल्लीतल्या माणसाला आपलं घर माहीत नाही. प्रभागातल्या माणसाला माहीत आहे. आपल्या बाबांचं दुकान माहीत आहे, बहिणीचं कॉलेज माहीत आहे, आणि गणपतीच्या वर्गणीला तो आपल्याच दारात येतो.

मी स्वतः सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेक झालं, पुण्यात नोकरी. घर मात्र नगरपरिषदेच्या गावात. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण तुटलं. शाळेची पोरं तिथूनच जातात. नगरपरिषदेत तक्रार केली, नंबर मिळाला, दोन महिने काही झालं नाही. मग मी गावाच्या फेसबुक ग्रुपवर फोटो टाकला. खाली तक्रारीची तारीख आणि नंबर. एकच ओळ लिहिली, "हे काम कुणाकडे आहे आणि कधी होणार?" कुणाचं नाव नाही, पक्ष नाही.

संध्याकाळी फोन आला. मला नाही, बाबांना. एका पक्षाचे स्थानिक पदाधिकारी. आवाज एकदम गोड. "शेठ, पोरगा हुशार आहे, पुण्यात चांगला कामाला आहे. कशाला या भानगडीत पडतोय?" बाबांनी विचारलं, "त्याने लिहिलंय त्यात काही चूक आहे का?" त्यावर ते म्हणाले, "चूक नाही हो, पण उघड कशाला? मला सांगायचं ना. उद्या करून देतो."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. चूक नाही, पण उघड कशाला! मला वाटतं, आपलं सगळं स्थानिक राजकारण या एका वाक्यात आहे.

आता प्रामाणिकपणे सांगतो, मला कार्यकर्त्यांबद्दल राग नाही. रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्स मिळवून देणारा तोच असतो. उत्पन्नाचा दाखला, शाळेचं ॲडमिशन, हॉस्पिटलचं बिल कमी करून घेणं, यातलं बरंच काम पक्षाचा कार्यकर्ता करतो. ज्याची कुणाशी ओळख नाही त्याला तोच एक आधार असतो. पण यात एक हिशेब आहे. खासगीत सांगून काम झालं की तो उपकार होतो. उपकाराची परतफेड मतदानाच्या दिवशी असते. आणि झाकण बसतं ते आपल्या गल्लीत. शेजारच्या गल्लीत ज्याची ओळख नाही, त्याचं उघडंच राहतं. तेच आपण उघड विचारलं की तो नागरिकाचा प्रश्न होतो. उत्तर सगळ्यांना द्यावं लागतं, काम सगळ्यांसाठी करावं लागतं. म्हणून त्यांना "उघड" नको असतं.

बरं, कायदा काय म्हणतो? मी वकील नाही. पण काही गोष्टी प्रत्येक स्मार्टफोनवाल्याला माहीत पाहिजेत.

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने त्या बंदबद्दल प्रश्न विचारणारी फेसबुक पोस्ट टाकली. तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. पोलिसांनी लावलेल्या कलमांत आयटी ॲक्टचं ६६-अ होतं. "त्रासदायक" किंवा "अत्यंत आक्षेपार्ह" मेसेज पाठवला तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, असं ते कलम. आता त्रासदायक कुणाला आणि किती, हे कोण ठरवणार? पुढे त्या मुलींवरची केस बंद झाली. पण श्रेया सिंघल या विशीतल्या तरुणीने या कलमाविरुद्ध सुप्रीम कोर्टात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला कोर्टाने ६६-अ पूर्णच रद्द केलं.

त्या निकालात एक साधी विभागणी आहे. एखाद्या गोष्टीची चर्चा करणं, तिची बाजू घेऊन मांडणं आणि लोकांना चिथावणी देणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. चर्चा आणि बाजू मांडणं कुणाला कितीही झोंबलं तरी तो अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा गाभा आहे. गोष्ट चिथावणीपर्यंत पोचते, तिथे निर्बंधाचा प्रश्न येतो. मंडळी, पोस्ट टाकण्यापूर्वी हे तीन शब्द आठवा, अर्धी भीती जाईल.

गंमत म्हणजे कलम रद्द झाल्यावरही वर्षानुवर्षं त्याखाली गुन्हे नोंदवले जात होते. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. त्यामुळे कुणी ६६-अ ची धमकी दिली तर हे लक्षात ठेवा.

दुसरं, सोसायटीच्या आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन फार घाबरतात. "ग्रुपवर राजकारण नको, माझ्यावर येईल." मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय की एखाद्या सदस्याने आक्षेपार्ह काही टाकलं, तर दोघांचा संगनमताने तसा इरादा असल्याशिवाय ॲडमिनला त्यासाठी जबाबदार धरता येत नाही.

तिसरं, बदनामी. हे मात्र खरंच जपायचं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. पण त्यालाही अपवाद आहेत. लोकहितासाठी सांगितलेलं सत्य चालतं. सार्वजनिक काम करणाऱ्याच्या त्या कामाबद्दल सद्भावनेने मांडलेलं मतही चालतं. म्हणून वाक्य कसं लिहितो याला महत्त्व आहे. "नगरसेवकाने पैसे खाल्ले" हा आरोप आहे, तो सिद्ध करावा लागेल. त्याऐवजी असं लिहा, "रस्ता मार्चमध्ये झाला, जूनमध्ये उखडला. ठेकेदार कोण? दोषदायित्व कालावधी किती? दुरुस्ती त्याच्या खर्चाने होणार का?" यात एकही शिवी नाही, एकही आरोप नाही. आणि उत्तर टाळणं जास्त अवघड आहे.

आता ही माहिती मिळवायची कुठून? माहितीचा अधिकार. अर्ज १० रुपयांत होतो. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, म्हणजे एका मोठ्या कमेंटएवढा मजकूर! साधारण ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. "भ्रष्टाचार का झाला?" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कार्यादेशाची प्रत मागा, मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा.

आणि विचारायचं कुणाला, हेही बघा. आपण सगळ्याचं खापर नगरसेवकावर फोडतो. प्रत्यक्षात महापालिकेत अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात, नगरपरिषदेत प्रशासन मुख्याधिकारी बघतात. नगरसेवक सभागृहात अंदाजपत्रक मंजूर करतात आणि प्रश्न विचारतात. त्यात मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक, पण पुण्यासारख्या शहरात बहुतेक प्रभागांत चार. चौघे चार दिशांना बोट दाखवतात. म्हणून एकाला नाही, चौघांनाही टॅग करा.

शिवाय मधली काही वर्षं आठवा. महाराष्ट्रातल्या बऱ्याच महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली, काहींची तर २०२० मध्येच. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका अडकल्या, कारभार प्रशासकांकडे. २९ महापालिकांचं मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ ला. इतकी वर्षं विचारायला निवडून आलेला माणूसच नव्हता! दरम्यान शिवसेना दोन झाल्या, राष्ट्रवादी दोन झाल्या. काल ज्या फ्लेक्सवर एक चिन्ह होतं, त्याच माणसाच्या फ्लेक्सवर आज दुसरं. म्हणून माझं म्हणणं असं, की स्थानिक प्रश्नावर लिहिताना पक्ष बाजूला ठेवा, काम पकडा. पक्षावर लिहिलं की कमेंटमध्ये दोन टोळ्या भांडतात आणि झाकण तसंच राहतं.

आता भीतीबद्दल. "घाबरू नका, बिनधास्त लिहा" असं मी म्हणणार नाही. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. धोका खोटा नाही. पुण्यात बसून पोस्ट टाकणाऱ्या माझ्यापेक्षा गावात दुकान चालवणाऱ्या माझ्या बाबांना तो जास्त आहे, हे मला त्या फोनने दाखवलं. मुलींना तर याच्या दुप्पट. प्रश्न गटाराचा असतो आणि कमेंट तिच्या फोटोवर येते.

म्हणून एकट्याने लिहू नका. त्या फोननंतर बाबांनी मला पोस्ट काढायला सांगितलं नाही. ते म्हणाले, "तुझं एकट्याचं नाव नको, गल्लीचं नाव येऊ दे." मग गल्लीतल्या अकरा जणांनी सह्या केल्या, पत्र मुख्याधिकाऱ्यांकडे दिलं, पोच घेतली आणि पोच असलेली प्रत ग्रुपवर टाकली. अकरा जणांच्या घरी गोड फोन करणं जड जातं. झाकण तीन आठवड्यांनी बसलं. एकट्या आमच्या दारातलं नाही, त्या रस्त्यावरची तुटलेली चारही. काम झाल्यावर त्याच ग्रुपवर आम्ही नगरपरिषदेचे आभारही मानले. हे विसरू नका. तक्रार उघड, तर कौतुकही उघड.

काही साधे नियम सांगून थांबतो. फोटोला तारीख आणि जागा द्या. कुणाच्या घरच्यांवर, जातीवर, दिसण्यावर जाऊ नका. कुणाचा खासगी नंबर टाकू नका. फॉरवर्ड आलेलं, स्वतः न पाहिलेलं लिहू नका. धमकी आली तर डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि घरात सांगा. आणि कुणी "मला खासगीत सांगायचं ना" म्हटलं, तर नम्रपणे सांगा, "साहेब, काम सगळ्यांचं आहे, उत्तरही सगळ्यांसमोर द्या."

या आठवड्याचं काम सोपं आहे. आपला प्रभाग क्रमांक शोधा, तिथले नगरसेवक किती आणि कोण ते लिहून काढा, आणि एक, फक्त एक प्रश्न पुराव्यासकट तयार करा. सोबत सही करणारे तीन शेजारी मिळतात का बघा. मिळाले की मला कळवा, कुणाचंही नाव न घेता आपण त्यावर बोलू.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत काळजी घ्या, आणि विचारत राहा!