फाइलचं नाव मराठीत ठेवा, पण मोजून

फोल्डर आणि फाइलच्या नावांमध्ये विंडोज उलटी तिरकी रेघ वापरतं, लिनक्स सुलटी. उलटी रेघ हाताने लिहिली, की लॅपटॉपवर चालणारा प्रोग्राम सर्व्हरवर अडकतो. म्हणून पायथॉनमध्ये २०१४ पासून पाथलिब आहे. रेघ कुठली, ते ती बघते.

पण नावाची लांबी ती सांभाळत नाही. लिनक्समध्ये एका नावाला सहसा २५५ बाइटची मर्यादा. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षर १ बाइटचं, देवनागरी ३ चं, आणि काना-मात्रा वेगळी मोजतात. ‘जळकोट’ म्हणजे ज, ळ, क, ओकार, ट : १५ बाइट. मराठी नावाला जागा उरली ८५ चिन्हांची. विंडोज बाइट मोजत नाही, तिथे शंभर चिन्हांचं नावही बसतं.

त्यामुळे तालुका, गाव, शेतकरी, गट नंबर, पीक, तारीख असं सगळं एकाच नावात कोंबलं, तर ती फाइल सर्व्हरवर नाकारली जाऊ शकते. शंभरातल्या तीन राहिल्या तर कुणाला कळणार?

उपाय सोपा आहे. तालुका आणि गावाचे फोल्डर करा, कारण मर्यादा प्रत्येक नावाला स्वतंत्र आहे. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइली मोजा. मराठी मात्र सोडू नका!